माथेरानची गाडी : खेळणे म्हणून वाचलेला इतिहास

एखाद्या वस्तूला मिळालेले लाडके नाव पुष्कळदा तिचा इतिहास झाकून टाकते. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या आगगाडीच्या बाबतीत असेच घडले आहे. इंग्रजी वळणाने तिला 'टॉय ट्रेन' म्हणतात, वर्तमानपत्रे 'मिनी ट्रेन' म्हणतात आणि कौतुकाने कोणी 'माथेरानची राणी' असेही म्हणते. तिन्ही नावांत माया आहे, पण तिन्ही नावे या गाडीला बाळपणाच्या आणि सहलीच्या कप्प्यात ठेवून मोकळी होतात. त्यामुळे तिच्याविषयी आपण जे लिहितो ते बहुधा स्मरणरंजन असते. ती कोणी बांधली, कोणासाठी बांधली, कोणत्या डोंगराला गाडी मिळाली आणि कोणत्या डोंगराला मिळाली नाही, असे प्रश्न खेळण्याला कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात ते विचारून पाहण्याचा प्रयत्न आहे.

माथेरान हे कोकणातलेच ठिकाण आहे, हे आपण विसरतो. ते आज रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून थोडा सुटा उभा आहे. 'माथ्यावरचे रान' ते माथेरान अशी त्याच्या नावाची सर्वपरिचित व्युत्पत्ती. या रानात आणि त्याच्या उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर पूर्वापार होता. तरीही माथेरानचा 'शोध' मे १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने लावला, असे प्रत्येक माहितीपुस्तक सांगते. मॅलेट चौक गावाच्या बाजूने वर चढला. वाट दाखवणारे कोणीतरी त्याच्या पुढे चालत असणारच. 'शोध' या शब्दाचा अर्थ येथे एवढाच, की त्या दिवसापासून हा डोंगर सरकारी कागदावर आला. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे वसाहतीची आखणी करवली. हे एल्फिन्स्टन म्हणजे शिक्षणाच्या इतिहासात आपल्याला भेटणारे माउंटस्टुअर्ट नव्हेत, त्यांचे पुतणे जॉन. १८५३ ते १८६० या काळात ते गव्हर्नर होते.

माथेरानचा नकाशा साहित्याच्या विद्यार्थ्याने एखाद्या संहितेसारखा वाचून पाहावा. लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, पॉर्क्युपाइन पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लट लेक अशी नावे ओळीने येतात. ज्या कड्यांना आणि पाणवठ्यांना स्थानिकांची नावे होती, त्यांच्यावर पाहणाऱ्यांची नावे बसली. 'पॉइंट' हा शब्दच लक्षात घेण्यासारखा आहे. जेथे उभे राहून पाहायचे ती जागा म्हणजे पॉइंट. राबणाऱ्या माणसाला रानात वाटा, पाणी, सरपण आणि चारा दिसतो, तर हवा खायला आलेल्या माणसाला देखावा दिसतो. एकाच डोंगराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि माथेरानचा पुढचा सगळा इतिहास त्यांच्या परस्परसंबंधांचा आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. काही वर्षांतच रूळ नेरळच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत गेले आणि १८६३ मध्ये भोर घाटाचा चढ खुला झाला. त्यामुळे मुंबईहून नेरळ हे सुमारे ८६ किलोमीटरचे अंतर काही तासांवर आले. अडचण होती ती नेरळपासून पुढची. तेथून माथ्यापर्यंत सुमारे सात मैलांची वाट होती. ज्याला चालवत असे तो चालत जाई, कोणी तट्टावर बसे, आणि बाकीच्यांना माणसांच्या खांद्यावर जावे लागे. पालखी, डोली आणि पुढे रिक्षा ही त्या काळची साधने. कारखान्यांच्या शहरातून चांगल्या हवेसाठी निघालेला माणूस शेवटचे सात मैल दुसऱ्याच्या दमावर चढत होता. गाडी येण्यापूर्वीची ही स्थिती नीट डोळ्यांपुढे ठेवली, तरच गाडीने काय बदलले आणि काय बदलले नाही ते कळते.

माथेरानच्या आधी हिंदुस्थानात डोंगरी रेल्वे नव्हत्या असे नाही. दार्जिलिंगची गाडी १८८१ मध्ये पूर्ण झाली. निलगिरीची गाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. कालका-शिमला मार्ग १९०३ मध्ये खुला झाला. मात्र या तिन्ही मार्गांमागे राज्यकारभाराचे किंवा मळ्यांच्या व्यापाराचे कारण होते. शिमला ही साम्राज्याची उन्हाळी राजधानी, उटी हे मद्रास सरकारचे उन्हाळी ठाणे, आणि दार्जिलिंगला बंगाल सरकारच्या उन्हाळी मुक्कामाबरोबर चहाही होता. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा उन्हाळी मुक्काम होता महाबळेश्वरला. मग सरकारी न्यायाने रेल्वे महाबळेश्वरला जायला हवी होती. ती तेथे कधीच गेली नाही, माथेरानला गेली. याचे कारण माथेरान सरकारपेक्षा शहराचे होते. मुंबईतले पारशी, बोहरी, गुजराती व्यापारी आणि वकील-डॉक्टर मंडळी यांना कचेरी वर हलवायची नव्हती, चार दिवस सुटी घेऊन परत धंद्याला लागायचे होते. मुख्य लोहमार्गाला लागून असलेला, शहरापासून अर्ध्या दिवसावरचा डोंगर त्यांना पुरेसा होता. सुटी नावाची जी नवी गोष्ट गिरण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या मुंबईत जन्माला आली, तिच्यासाठी बांधलेला हा लोहमार्ग आहे.

तो बांधला तोही सरकारने नव्हे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा उद्योगपती. गरिबीतून वर आलेला हा माणूस लष्कराला तंबू आणि पादत्राणे पुरवून मोठा झाला. ते मुंबईचे शेरीफ होते, आणि डिसेंबर १९०७ मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षही होते. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे उभारली आणि तिचा सुमारे १६ लाख रुपयांचा खर्च वडिलांनी उचलला. एकदा आदमजी शेठ नेरळला उतरले, वर जायला वाहन मिळेना, तेव्हा 'आता येईन तो माझ्याच गाडीने' असे म्हणून ते परत फिरले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला पुरावा मागू नये, पण तिचा कल पाहावा. ती सगळ्या उद्योगाला एका शेठजीच्या मानी स्वभावाची गोष्ट करून टाकते. वास्तविक पाहता १९०० च्या सुमारास आखलेला, १९०४ मध्ये हाती घेतलेला आणि १९०७ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग म्हणजे मुंबईच्या भांडवलाने केलेला हिशेबी व्यवहार होता. ते भांडवल स्वतःच्या विश्रांतीची सोय स्वतः करण्याइतके सशक्त झाले होते. डोंगरी रेल्वे म्हटली की गोऱ्या साहेबाची हौस, असे सरसकट चित्र आपण रंगवतो. माथेरान त्या चित्रात बसत नाही.

अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही ही गाडी खेळणे नव्हती. नेरळ आणि माथेरान यांच्यातील उंचीचा फरक साडेसातशे मीटरहून अधिक आहे. तो पार करण्यासाठी रूळ सुमारे २१ किलोमीटर वळत वळत नेले आहेत, म्हणजे पायवाटेच्या जवळजवळ दुप्पट. चढ ठिकठिकाणी विसात एक असा आहे. वीस फूट पुढे जाताना एक फूट वर. भोर घाटात मोठ्या रेल्वेचा कमाल चढ सदतिसात एक होता, हे लक्षात घेतले म्हणजे या चढाची कल्पना येते. निलगिरीच्या मार्गाला चढावर दातेरी रूळ आहे. दार्जिलिंगला गाडी काही ठिकाणी मागे-पुढे करीत इंग्रजी झेड अक्षरासारखी वर चढते. माथेरानला यांपैकी काहीच नाही. येथे घोड्याच्या नालासारखी वळणे घेत, डोंगराच्या अंगाअंगाने, गाडी साध्या रुळांवरून केवळ चाकांच्या पकडीवर चढते. सगळ्या मार्गावर बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की त्याला थट्टेने 'वन किस टनेल' असे नाव पडले.

अशा आवळ वळणांसाठी रुळांमधील अंतर फक्त दोन फूट ठेवले गेले. मोठ्या मार्गावर हे अंतर साडेपाच फूट असते. पण अरुंद रुळांनी अर्धाच प्रश्न सुटतो. चढावर ओढण्यासाठी इंजिनाला बळ हवे, बळासाठी चाकांच्या अधिक जोड्या हव्यात, आणि जोड्या वाढल्या की ताठ इंजिन वळणावर रुळांत अडकते. यावर उपाय म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिने आणली. त्यांत क्लीन-लिंडनर नावाची रचना होती. पुढचा आणि मागचा ॲक्सल पोकळ कवचात बसवलेला असल्यामुळे त्यांची चाके वळणाबरोबर थोडी सरकत आणि वळत, तरीही इंजिनाचे बळ त्यांना मिळत राही. ही इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली, त्यानंतर डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली. वेग पूर्वीही कमी होता, आजही आहे. २१ किलोमीटरना दोन तासांहून अधिक वेळ लागतो. त्या संथपणाचे आपल्याला कौतुक वाटते. तो खरे म्हणजे चढाशी आणि वळणांशी केलेला करार आहे.

या मार्गाच्या कामी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याचा सल्ला होता. हे नाव महाराष्ट्राला आणखी एका मार्गामुळे परिचित असायला हवे. बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच निर्मिती. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली. अरुंद आणि स्वस्त रूळ टाकले तर मोठ्या रेल्वेने वगळलेल्या मुलखातही गाडी नेता येते, हा कॅल्थ्रॉप यांचा आग्रह होता. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १९०६ मध्ये छोटी गाडी पंढरपूरला जाते, १९०७ मध्ये छोटी गाडी माथेरानला जाते. एकीत वारकरी आणि शेतमाल, दुसरीत हवापालटाला निघालेली शहरी कुटुंबे. तंत्र जवळजवळ तेच, विचार तोच, प्रवासाचे हेतू मात्र वेगळे. तरीही पंढरपूरच्या गाडीला आपण कधी खेळणे म्हटले नाही. म्हणजे 'खेळणे' हा शब्द गाडीच्या आकारावरून आलेला नाही. तो प्रवाशांच्या हेतूवरून आलेला आहे.

१९०७ या सालाला मराठी गद्याच्या इतिहासातही एक स्थान आहे. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी याच वर्षी प्रसिद्ध केले. गोडसे वरसईचे, पेण तालुक्यातले. माथेरानपासून फार लांब नाही. १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडावे म्हणून, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, हा भिक्षुक पायी उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडला. त्याच्या लेखी प्रवास म्हणजे पोटासाठी पत्करलेली जोखीम आणि जमेल तेवढे पुण्य. ज्या वर्षी हा प्रवास छापून वाचकांच्या हाती आला, त्याच वर्षी त्याच परिसरात, पोटाचा आणि पुण्याचा काहीही संबंध नसलेल्या प्रवासासाठी रूळ तयार झाले. हा योगायोगच. पण मराठीत यात्रा, मुशाफरी, प्रवास या शब्दांच्या शेजारी सहल आणि हवापालट हे शब्द कसे रुळले, याचा विचार करणाऱ्याने या दोन घटना एकत्र वाचायला हरकत नाही. प्रवासवर्णन नावाचा जो वाङ्मयप्रकार आपण पुढे जोपासला, त्यातला 'मी' बव्हंशी दुसऱ्या प्रकारचा प्रवासी आहे. खिडकीशी बसलेला, देखावा टिपणारा. पहिल्या प्रकारचा प्रवासी, ज्याला जावेच लागते, तो आपल्या प्रवासवर्णनांत विरळाच भेटतो.

खिडकीशी बसलेल्या या 'मी'ला जे दिसत नाही, ते म्हणजे डोंगरावर राहणारी माणसे. गाडी आली, पण नेरळच्या वाटेवरचा खांदा मोकळा झाला तरी माथ्यावरचा झाला नाही. माथेरानात मोटारी येऊ द्यायच्या नाहीत हा दंडक राहिला आणि तो योग्यच आहे. परंतु त्या दंडकाचे ओझे स्टेशनापासून बंगल्यापर्यंत सामान वाहणाऱ्या हमालावर, घोडेवाल्यावर आणि हातरिक्षा ओढणाऱ्यावर पडले. पाहुण्यांच्या सेवेवर जगणारे हे गाव होते. अशाच गावात, नाभिक कुटुंबात, १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले. कर्जत भागातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा आणि धान्यकोठ्या चालवल्या. १९४२ च्या लढ्यात भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडणे हा त्या दस्त्याचा मुख्य कार्यक्रम होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. ज्या शहराच्या विश्रांतीसाठी माथेरान घडले, त्या शहराची वीज तोडणारा माणूस माथेरानातच जन्मला, ही घटना पर्यटनाच्या पुस्तिकांत मावत नाही. तिच्यावाचून माथेरानचा इतिहास मात्र पुरा होत नाही.

रत्नागिरीत बसून हा इतिहास वाचताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत खपणाऱ्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा होता. घरोघरची चूल मनीऑर्डरीवर पेटत होती. गावी यायचे तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे ज्या गिरण्यांच्या धुरापासून दूर जाण्यासाठी मालकवर्ग माथेरानची गाडी पकडत होता, त्याच गिरण्यांत धूर गिळणाऱ्या कामगाराला आपल्या गावी नेणारी गाडी नव्हती. कोकण रेल्वेची मागणी जुनी. अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांनी ती आयुष्यभर लावून धरली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना निर्णय होऊन १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. उत्तर कोकणातल्या एका माथ्याला सुटीसाठी १९०७ मध्ये गाडी मिळाली, दक्षिण कोकणातल्या गावांना गरजेसाठी ती मिळायला आणखी नव्वद वर्षे लागली.

तांत्रिक अडचण हे याचे कारण म्हणून सांगितले जाते. ती होती हेही खरे. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांतला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा असून तो रत्नागिरीजवळच आहे. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूलही आपल्या शेजारचा. माथेरानच्या एका आखूड बोगद्याशी याची तुलना होऊ शकत नाही. परंतु १९०७ च्या मानाने विसात एकचा चढही सोपा नव्हता. तो चढ चढून जाण्याची निकड ज्यांना होती, त्यांच्या हाती पैसा होता, एवढाच फरक. भूगोल दोन्हीकडे कठीणच होता. कोणता कठीण भूगोल आधी सोपा करायचा, हे मात्र इतिहासाने ठरवले.

दोन्ही मार्गांना जोडणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पाऊस. माथेरानची गाडी फार वर्षे पावसाळ्यात पूर्ण बंद असे. आजही नेरळ ते अमन लॉज हा भाग पावसाळ्यात बंद ठेवतात आणि वरच्या अमन लॉज-माथेरान टप्प्यावर तेवढ्या फेऱ्या होतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात या मार्गाची भयंकर हानी झाली. शताब्दीच्या तोंडावर, मार्च २००७ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये गाडी लागोपाठ रुळांवरून घसरल्याने सेवा थांबली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये वरच्या टप्प्यापुरती आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्गावर परतली. २०१९ च्या पावसाने रूळ पुन्हा वाहून नेले आणि नेरळहून निघणारी गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. कोकण रेल्वेलाही हा धडा जबर किमतीने शिकावा लागला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासच्या आसपास माणसे गेली, आणि पुढच्याच पावसाळ्यात महाड तालुक्यातल्या करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. तेव्हापासून पावसाळी वेळापत्रक, कमी केलेला वेग, दरडींना घातलेल्या जाळ्या हे आपल्या सवयीचे झाले. डोंगरातली रेल्वे एकदा बांधून पुरी होत नाही. दर पावसाळ्यानंतर ती थोडी नव्याने बांधावी लागते. रूळ तपासत चालणारे गँगमन हे तिचे खरे रक्षणकर्ते.

याच ठिकाणी 'खेळणे' हा शब्द नुसता अपुरा न राहता अपायकारक होतो. खेळणे मोडले तर दुरुस्तीची घाई कोणाला नसते. गाडी बंद पडली की बातमी येते ती 'पर्यटकांचा हिरमोड' अशी. पण गाडी बंद म्हणजे माथ्यावर वर्षभर राहणाऱ्यांचाही रस्ता अरुंद. मोटारींचा रस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो, तेथून पुढे धान्य, भाजी, गॅसच्या टाक्या, आजारी माणूस, शाळेची मुले, सगळे पायी, घोड्यावर किंवा हातगाडीवर. माथेरान परिसर ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामुळे मोटारींना बंदी राहणार, आणि राहायलाच हवी. मग जमीन फारशी न खाणारी, झाडांच्या मधून जाणारी, शंभराहून अधिक वर्षे या डोंगराने सांभाळलेली वाहतूक एकच उरते, ती म्हणजे हे दोन फुटी रूळ.

२०२२ च्या अखेरीस माथेरानात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा ही अमानवी प्रथा असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. १८५० नंतर माणसाच्या खांद्यावर जे ओझे चढले ते उतरवण्याची भाषा इतक्या उशिरा कायद्याच्या मुखातून आली. या आदेशाच्या प्रकाशात गाडीचा इतिहास पुन्हा वाचला पाहिजे. आदमजी शेठच्या जिद्दीची, वाफेच्या इंजिनांची, वळणावरच्या देखाव्याची गोष्ट खोटी नाही. पण नेरळच्या वाटेवर १९०७ पर्यंत ज्यांनी पालख्या वाहिल्या, ज्यांनी कातळ फोडून रुळांसाठी पायरी काढली, जे आजही रूळ तपासतात, त्यांची गोष्ट तितकीच या गाडीची आहे.

जागतिक वारशाच्या यादीत दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका-शिमला २००८ मध्ये दाखल झाले. माथेरानच्या मार्गाचे नाव संभाव्य स्थळांच्या यादीत आहे. मान्यता मिळाली तर आनंदच आहे. मात्र वारसा म्हणजे काचेआड ठेवलेले इंजिन असे झाले, तर 'खेळणे' या शब्दाला तो फक्त एक भारदस्त प्रतिशब्द ठरेल. वेळापत्रकाप्रमाणे निघणारी, माथ्यावरच्या रहिवाशाला परवडणारी, त्याचे सामान आणि त्याचा रुग्ण नेणारी गाडी हाच या लोहमार्गाचा जिवंत वारसा. स्टेशनांची नावे नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान अशी आहेत. गाव, पट्टी, पाणी, बंगला आणि रान, असा त्यांचा क्रम लागतो. त्यात देखाव्याचे नाव एकही नाही. गाडी कशासाठी आहे याचे उत्तर कदाचित त्या पाट्यांवरच लिहिलेले आहे.